फूट, सूत, वार, गुंठा : मापांचं रूपांतर घरातून शिकवू या



एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही आयुष्यात डेकामीटर कधी वापरलं? हेक्टोमीटर? दुकानात, शेतात, शिंप्याकडे, प्रवासात, कुठंही? बहुतेक नाहीच. पण किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसिमीटर, सेंटीमीटर, मिलिमीटर हा तक्ता आपण सगळ्यांनी पाठ केला आणि आता मुलांकडूनही करून घेतो. '३ हेक्टोमीटर म्हणजे किती डेसिमीटर?' असं विचारलं की मुलं तक्त्यावर बोट ठेवून घरं मोजतात, तेवढी शून्यं देतात आणि ३००० लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर. गुण मिळाले.

आता त्याच मुलाला विचारा, "तुझ्या बाबांनी कपाशी चार बाय दीडवर लावली, म्हणजे किती सेंटीमीटरवर?" मूल गप्प. कारण इथं शून्य सरकवून भागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लांबीच्या मापांचं रूपांतर आपण फार सोप्या जागी शिकवतो आणि जिथं मुलाला ते खरोखर लागणार आहे ती जागा सोडून देतो. मुलाच्या घरात, वावरात, बांधकामावर जी मापं बोलली जातात, ती गणिताच्या वहीत आली पाहिजेत. मेट्रिक पद्धत शिकवायचीच, पण तिथपर्यंतची वाट मुलाच्या घरातून काढायची.

दुवा कुठं तुटतो?

पहिली-दुसरीत आपण मुलांना वीत, हात, पाऊल, पेन्सिल यांनी मोजायला लावतो. अप्रमाणित एककं म्हणतो आपण त्यांना. मुलांना मजा येते. नंतर हातात फूटपट्टी येते आणि वीत-हात कायमचे निघून जातात. जणू ती लहानपणीची खेळणी होती, आता मोठे झालो. माझी वीत किती सेंटीमीटरची, बाबांचा हात किती सेंटीमीटरचा, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. खरं रूपांतर तर तिथंच सुरू होतं!

आणि तिकडे घरी काय चालू असतं? आमच्या नेरसारख्या गावात एका दिवसात मुलाच्या कानावर किती मापं पडतात ते मोजून बघा. वावरात फूट आणि हात. दोरखंड घेताना वाव. विहिरीची खोली सांगताना आजोबांच्या तोंडी परस. घराच्या कामावर मिस्त्री सूत आणि इंच बोलतो. आजीचं लुगडं नऊवारी. प्लॉट तीस बाय पन्नास. जमीन एकर-गुंठ्यात, पण सातबाऱ्यावर हेक्टर-आर. आणि यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या दगडावर किलोमीटर.

एवढी मापं ऐकणारं मूल वर्गात येतं आणि आपण त्याला डेकामीटर शिकवतो.

एका पालकांनी मला बोलता बोलता सांगितलं होतं, "मॅडम, पोराले मीटरचं गणित येते. पण वावरात माप इचारलं तं पाहतच रायते." त्यात तक्रारीपेक्षा काळजी जास्त होती. मला ती रास्त वाटते.

यात काय अडलं आहे?

तुम्ही म्हणाल, मापं मोठेपणी आपोआप कळतात. काही कळतात. पण न कळण्याची किंमतही असते. चार उदाहरणं देते, चारही आपल्या जिल्ह्यातल्या रोजच्या जगण्यातली.

पहिलं, कपाशीचं. कृषी विभागाच्या पत्रकात लागवडीचं अंतर १२० × ४५ सेंटीमीटर असं लिहिलेलं असतं. शेतकरी चार बाय दीड म्हणतो. चार फूट म्हणजे १२१.९२ सेंमी आणि दीड फूट म्हणजे ४५.७२ सेंमी. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकच! फुटांच्या हिशेबानं एकरी ७२६० झाडं बसतात, सेंटीमीटरच्या हिशेबानं साधारण ७४९४. फरक फार मोठा नाही. पण ज्या मुलाला हे दोन्ही एकच आहे हे दिसत नाही, त्याच्यासाठी ते पत्रक परक्या भाषेतलंच राहतं.

दुसरं, कापसाचंच. धाग्याच्या लांबीवरून कापसाचा हमीभाव वेगळा असतो. मध्यम धागा म्हणजे साधारण २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. जागतिक बाजारात मात्र धाग्याची लांबी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. तिथं '३६' म्हटलं की ३६/३२ इंच, म्हणजे सव्वा नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.५७५ मिलिमीटर. अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि रूपांतर, तिन्ही एका बोंडात! पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यातल्या सहावीच्या मुलाला यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं देणार?

तिसरं, घराच्या बांधकामाचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मिस्त्री म्हणतो, "चार सुताची सळाख आणा." चार सूत म्हणजे १२.७ मिमी. दुकानात मिळते ती १२ मिमीची. तीन सूत म्हणजे ९.५२५, मिळते १० मिमी. पाच सूत म्हणजे १५.८७५, मिळते १६ मिमी. यात कुणी फसवत नाही. कारखान्यात सळया ठरलेल्या मिलिमीटरमध्येच बनतात आणि जुनं नाव तोंडात राहिलं आहे. पण गंमत बघा. तीन आणि पाच सुताला नावापेक्षा थोडी जाड सळई येते, चार सुताला बारीक. १२.७ ऐवजी १२ म्हणजे जाडी साडेपाच टक्क्यांनी कमी, पण छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी. म्हणून नकाशावर मिलिमीटर लिहिलेले असतील तर दुकानातही मिलिमीटरच बोलावेत. घर बांधणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायला हवं.

चौथं, जमिनीचं. इथं लांबीतली छोटी चूक क्षेत्रफळात मोठी होते. तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट घ्या. 'एक फूट म्हणजे ३० सेंटीमीटर' असं धरलं तर प्लॉट झाला ९ मीटर × १५ मीटर, म्हणजे १३५ चौरस मीटर. प्रत्यक्षात फूट ३०.४८ सेंटीमीटरचा आहे. खरं क्षेत्रफळ येतं १३९.३५ चौरस मीटर. साडेचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास ४७ चौरस फूट जागा फक्त अर्ध्या सेंटीमीटरच्या आळसानं गेली!

तसंच गुंठा आणि आर. पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एका गुंठ्याला फरक दिसत नाही. पण एकरात चाळीस गुंठे असतात. चाळीस आर आणि चाळीस गुंठे यांत फरक पडतो ४६.८६ चौरस मीटरचा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. म्हणजे एका एकरामागे जवळपास दोन घरकुलांची जागा 'एकच तर आहे' म्हणण्यात हरवते.

क्रिकेटच्या खेळपट्टीतला गुंठा

मुलांना गुंठा कसा समजवायचा? मला सापडलेली सगळ्यात सोपी वाट क्रिकेटच्या मैदानातून जाते. खेळपट्टी किती लांब? २२ यार्ड, हे मुलांना आपण सांगायची गरजच नसते. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट. इंग्रजांच्या काळात जमीन मोजणीची साखळी नेमकी एवढीच, ६६ फुटांची होती. म्हणजे खेळपट्टी ही एक साखळी लांब आहे.

आता तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे ३३ फुटांचा चौरस आखा. ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! शाळेच्या पटांगणावर चुन्यानं आखून मुलांना त्यात उभं करा. 'दोन गुंठे जागा' हे शब्द आयुष्यभर नुसते शब्द राहणार नाहीत. पूर्ण खेळपट्टीएवढ्या बाजूचा चौरस घेतला तर चार गुंठे होतात, दोन नव्हे. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट का होतं, हे त्या चौरसात उभं राहिलेल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

दिडकी आणि अडीचकी

आपल्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली होती. आपण त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारलं. पण नीट बघा, हे पाढे म्हणजे रूपांतराचीच यंत्रं आहेत. एक हात म्हणजे साधारण दीड फूट. मग हातांचे फूट करायचे तर दिडकी म्हणा. इंचांचे सेंटीमीटर करायचे तर अडीचकी, उत्तर जवळपास येतं. हेक्टरचे एकर करायचे तरी अडीचकीच.

'जवळपास' या शब्दाकडे मात्र मुलांचं लक्ष वेधायला हवं. १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी करार करून इंच नेमका २.५४ सेंटीमीटरचा ठरवला. अडीचकी त्यापेक्षा थोडी कमी भरते. मुलांच्या फूटपट्टीवरच हे दिसतं. एका बाजूला ३० सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला १२ इंच, आणि ३० ची रेघ १२ च्या थोडी अलीकडेच थांबते. का थांबते, हे मुलांनाच शोधू द्या. हेक्टरला अडीचकी लावली तर उलट उत्तर जास्त येतं. हेक्टर २.४७१ एकरांचा आहे. चार हेक्टर म्हणजे 'दहा एकर' म्हटलं, तर खरे भरतात ९ एकर ३५ गुंठे आणि थोडं वर. साडेचार गुंठे कागदावर नाहीतच!

म्हणजे अंदाजाला अडीचकी, खरेदीखताला नेमका आकडा. कुठं काय चालतं हे कळणं हाच रूपांतराचा अर्धा धडा आहे. सहावारी साडी म्हणजे ५.४९ मीटर, दुकानदार ५.५ मीटर म्हणतो. एका सेंटीमीटरनं काही बिघडत नाही. नऊवारीचं ८.२३ मीटर कापड सव्वाआठ म्हटलं तरी चालतं. पण विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली, तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी उष्णतेनं किती वाढते याचाही हिशेब ठेवला होता. कारण पुढचे शेकडो मैल त्या एका रेषेवर उभे राहणार होते. हे लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारले. मुलांना भूमापनाची गोष्ट सांगायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

'ही जुनी मापं पुन्हा कशाला?'

हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो चुकीचा नाही. १९५६ च्या कायद्यानं आपल्याकडे मेट्रिक पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं व्यवहारात उतरली. ती आणलीच होती गावोगावचा गोंधळ संपवायला. मग आपण तो गोंधळ पुन्हा वर्गात आणायचा का?

कोसाचंच उदाहरण घ्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, कोष्टक दिलं आहे: २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक क्रोश. म्हणजे कोस झाला ८००० हातांचा. हात १८ इंचांचा धरला तर ३.६६ किलोमीटर. पण लोक कोस म्हणजे दोन मैल धरतात, म्हणजे ३.२२ किलोमीटर. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसा कोसही बदलतो! बारा कोस म्हणजे कुठं ३९ किलोमीटर, कुठं ४४. विहिरीचा परस तर कुणी माणसाच्या उंचीएवढा धरतो, कुणी हात वर केलेल्या माणसाएवढा.

पण मला सांगा, मेट्रिक पद्धत का हवी हे मुलाला या उदाहरणांशिवाय कसं कळणार? मीटर आपण त्याला आयता देतो. ज्यानं गोंधळ पाहिलाच नाही, त्याला त्यावरचा उपाय कौतुकाचा कसा वाटेल? जुनी मापं परत व्यवहारात आणा असं मी म्हणत नाही. ती अजून बोलण्यात आहेत, म्हणून त्यांच्यापासून मीटरपर्यंत जाणारा पूल मुलाच्या हाती द्या, एवढंच म्हणते. एककांचा घोळ शिकलेल्यांनाही सोडत नाही. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं क्लायमेट ऑर्बिटर यान नष्ट झालं, कारण एका गटाचे आकडे पाउंडात होते आणि दुसऱ्या गटानं ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं होतं. चूक गुणाकाराची नव्हती. 'हा आकडा कोणत्या मापातला?' हा प्रश्न राहून गेला होता.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. शिष्यवृत्तीला सूत आणि वार येत नाहीत, हे खरं. पण ज्या मुलाला रूपांतर म्हणजे काय हे कळलं, त्याला हेक्टोमीटर अवघड जात नाही. तक्ता पाठ असलेल्या मुलाला मात्र फूट आला की अडायला होतं.

वर्गात काय करता येईल?

फार काही लागत नाही. मी चौथीला व्हरांडा हातानं मोजायला देते. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांची उत्तरं येतात २६, २७, २८ हात. माझं येतं २३. "मग चुकलं कोण?" असं विचारलं की वर्गात भांडण लागतं, आणि ते लागू द्यावं. मग प्रत्येकानं आपला हात पट्टीनं मोजायचा. कुणाचा ३६ सेंटीमीटर, कुणाचा ३८, माझा ४४. आपापल्या हातांची संख्या गुणिले आपल्या हाताची लांबी. सगळ्यांची उत्तरं दहा मीटरच्या आसपास येतात! त्या वेळी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मोठं एकक घेतलं की संख्या लहान येते आणि लहान घेतलं की मोठी, हा नियम फळ्यावर लिहायची वेळच येत नाही.

पाचवी-सहावीच्या मुलांना स्वतःचं माप तयार करू द्या. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९५८ साली ऑलिव्हर स्मूट नावाच्या आपल्या मित्रालाच मोजपट्टी केलं. त्याला पुलावर पुन्हा पुन्हा आडवं झोपवत त्यांनी अख्खा पूल मोजला. भरला ३६४.४ स्मूट आणि वर एक कान. स्मूटची उंची पाच फूट सात इंच, म्हणजे १.७०१८ मीटर. मग पूल किती मीटरचा? मुलांना काढू द्या, उत्तर साधारण ६२० मीटर येतं. हाच स्मूट पुढे मापांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला, हे सांगितलं की वर्ग खूश!

पालकांसाठी तर आणखी सोपं. शिवणकामाची टेप घरात असतेच. तिच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. मुलाला दाराची चौकट दोन्हीकडून मोजायला सांगा. आजीला विचारू द्या की नऊवारीतले वार कोणते. घराचं काम चालू असेल तर मिस्त्रीकाकांना सूत दाखवायला सांगा. वावरात जाल तेव्हा दोन तासांमधलं अंतर मुलाकडून मोजून घ्या आणि बियाण्याच्या पत्रकाशी ताडून बघायला लावा. सातबारा काढाल तेव्हा हेक्टर-आरचे एकर-गुंठे मुलाला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. तुमचं शिक्षण किती झालं याचा इथं काही संबंध नाही. यातली निम्मी मापं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली येतात. इथं शिकवणारे तुम्हीच आहात.

शिक्षक मित्रांनो, मापन हा घटक घ्याल तेव्हा पहिला तास तक्त्याला देऊ नका. आदल्या दिवशी एवढंच सांगा, "उद्या येताना घरातलं एक माप विचारून या." दुसऱ्या दिवशी फळ्यावर जी यादी होईल, तोच तुमचा पाठ. आणि मुलांना दोन प्रश्नांची सवय लावा. कोणताही आकडा समोर आला की विचारायचं, 'हा कोणत्या मापातला?' आणि 'इथं अंदाज चालेल की नेमकं हवं?'

डेकामीटर विसरलं तरी चालेल. हे दोन प्रश्न ज्या मुलाला लागले, ते उद्या सातबारा वाचताना, सळई घेताना, कापूस विकताना कुणाच्या भरवशावर राहणार नाही.

तुमच्या गावात कोणती मापं अजून बोलली जातात? वर्गात विचारून बघा आणि जरूर कळवा.